एआयने इंग्रजी सुधारून घेतलं तर पेपरात लिहायचं का? आणि 'एआय स्कोर खाली आण' म्हणतात त्याचं काय करू?

अधांतरी_पीएचडी
नमस्कार मंडळी, जरा डोकं खाते तुमचं. माझा पहिलाच पेपर आहे. प्रयोग माझे, डेटा माझा, ग्राफ मी काढलेत, लिहिलंयही मीच, फक्त इंग्रजी कच्चं म्हणून एकेक परिच्छेद चॅटजीपीटीत टाकून "व्याकरण नीट कर, अर्थ बदलू नको" असं सांगून घेतला. आता सिमिलॅरिटी (दुसऱ्यांच्या मजकुराशी जुळणारा भाग) ११ टक्के आली, ती चालेल म्हणे, पण एआय रिपोर्टमध्ये (किती मजकूर एआयने लिहिल्यासारखा वाटतो त्यात) ४३ टक्के दाखवतंय आणि सर म्हणतात हा आकडा खाली आल्याशिवाय सबमिट करायचं नाही. लॅबमधला सिनिअर म्हणतो कसलं टेन्शन घेतेस, ह्युमनायझरमधून (एआयचा मजकूर माणसाने लिहिल्यासारखा करणारं टूल) काढ, पाच मिनिटांत शून्य. आणि जर्नलच्या साइटवर लिहिलंय की एआय वापरलं असेल तर डिक्लेअर करा. म्हणजे इकडे लपव म्हणतायत आणि तिकडे सांग म्हणतायत. खरं लिहिलं तर रिव्ह्यूअर (जर्नलसाठी पेपर तपासणारा) पहिल्याच पानावर नाक मुरडेल अशी धास्ती वाटते. लिटरेचर रिव्ह्यू (आधीच्या संशोधनाचा आढावा) को-ऑथरने लिहून दिलाय, तोही फार गुळगुळीत आहे, पण त्याने काय वापरलं ते मी विचारलेलं नाही. लिहायचं का, आणि लिहायचं तर कुठे?

दोन_नंबरचा_रिव्ह्यूअर
सगळ्यात आधी त्या ह्युमनायझरचा नाद सोड. ही टूल्स करतात काय, तर शब्द बदलतात, आणि शास्त्रातले शब्द असे बदलले की पेपरचा पार बोऱ्या वाजतो. २०२१ मध्ये कबानाक, लाबे आणि मागाझिनोव्ह या तिघांनी असे पेपर शोधून काढले होते, त्यात 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं झालं होतं 'काउंटरफीट कॉन्शसनेस', आणि 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बुझम पेरिल' झालेलंही सापडलंय, आणि हे सगळं छापून आलेलं बरं का!! त्यांनी या प्रकाराला 'टॉर्चर्ड फ्रेजेस' नाव दिलं आणि आता असे पेपर हुडकणारं सॉफ्टवेअरही आहे. ती सगळी जुन्या पॅराफ्रेजिंग (तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत मांडणाऱ्या) टूलची करामत, नवीन टूल्स इतकी भोंगळ नसतीलही, पण हेतू तोच ना, पकडलं जाऊ नये हा. आत्ता तू फक्त भाषा सुधारून घेतलीयेस, ह्युमनायझर वापरलंस की लपवाछपवी सुरू.

आता तो ४३ चा आकडा. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने स्वतःचं डिटेक्टर (मजकूर एआयचा आहे का ते ओळखणारं टूल) जानेवारी २०२३ मध्ये काढलं आणि जुलैमध्ये गुपचूप बंद केलं, कारण अचूकता कमी. त्यांच्याच चाचणीत एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के पकडला आणि माणसाने लिहिलेला ९ टक्के उगाच पकडला. स्टॅनफर्डच्या लोकांनी त्याच वर्षी सात डिटेक्टर तपासले, तर ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे निबंध सरासरी ६१ टक्के वेळा 'एआयने लिहिलंय' म्हणून निघाले. म्हणजे साधी वाक्यं आणि मोजके शब्द वापरले की यंत्राला वाटतं यंत्रानेच लिहिलं. सरांना हे दाखव, पण वाद घालायला म्हणून नको, नाहीतर आकडा राहील बाजूला आणि तुमचं वाजेल.

सिमिलॅरिटीचंही तसंच. मेथड्समधली (प्रयोग कसा केला त्या भागातली) ठरावीक वाक्यं जुळणारच, त्याने काही बिघडत नाही. उलट ३ टक्के आले तरी दुसऱ्याची कल्पना, त्याची मांडणी, त्याच्या युक्तिवादाचा क्रम जसाच्या तसा स्वतःच्या शब्दांत उतरवला आणि नाव दिलं नाही, तर ती उचलेगिरीच. ती कुठल्याच रिपोर्टात रंगवून येत नाही. मला तर एआयची खरी भीती इथे वाटते. तू विचारतेस, ते कुणाचा तरी मुद्दा बिननावाचा करून तुझ्या हातात ठेवतं, आणि तुलाही प्रामाणिकपणे वाटतं की हा सगळ्यांना माहीत असलेलाच मुद्दा आहे.

काथ्याकूट
वरचं सगळं पटलं पण डिक्लेअर कशाला करायचं ते नाही पटलं. स्पेलचेक वापरलं तर लिहितो का आपण? एखाद्या सिनिअरने इंग्रजी तपासून दिलं तर लिहितो? सगळे वापरतात आणि गप्प बसतात, जो प्रामाणिकपणे लिहील त्याच्याच पेपरकडे संशयाने बघणार. ताई, गप सबमिट कर.

गॅली_प्रूफ
काथ्याकूट, सिनिअरने तपासून दिलं तर आभारात नाव टाकतातच की राव.

जर्नलच्या कामाशी थोडा संबंध आहे म्हणून लिहितो. चॅटजीपीटीला ऑथर म्हणून टाकायचं नाही यावर बहुतेक सगळ्यांचं एकमत आहे, कोप (सीओपीई, प्रकाशनातल्या नीतिनियमांची संस्था) हिने फेब्रुवारी २०२३ मध्येच सांगितलं की जे जबाबदारी घेऊ शकत नाही ते लेखक नाही. वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांची समिती असलेल्या आयसीएमजेईने कुठे लिहायचं तेही सांगितलं: लेखनाला मदत घेतली असेल तर आभारात, डेटाचं विश्लेषण किंवा आकृती करून घेतली असेल तर मेथड्समध्ये, शिवाय कव्हर लेटरमध्येही. एल्सव्हिअर या प्रकाशकाला शेवटी रेफरन्सच्या आधी वेगळं डिक्लरेशन लागतं, पण नुसत्या स्पेलिंग-व्याकरणाच्या चेकरला सूट आहे. स्प्रिंगर नेचर तर म्हणतं की माणसाने लिहिलेल्याची नुसती भाषा सुधारली तर सांगायची गरज नाही. 'सायन्स' या जर्नलने २०२३ च्या सुरुवातीला सरसकट बंदी घातली होती आणि वर्ष संपायच्या आत सैल केली. तेव्हा मी इथे काय सांगतोय त्यापेक्षा तुझ्या जर्नलचं ऑथर गाइडलाइन्सचं पान सबमिट करायच्या दिवशी उघडून वाच, ही पानं बदलत असतात.

शंका असेल तर लिहून टाक. फार काही लागत नाही: "हस्तलिखित लेखकांनी लिहिल्यानंतर इंग्रजी भाषा सुधारण्यासाठी चॅटजीपीटी वापरले, नंतर सर्व मजकूर लेखकांनी तपासला व त्याची जबाबदारी लेखकांची आहे." याचं इंग्रजी कर, कुठलं व्हर्जन होतं ते टाक, झालं. असं वाक्य बघून नाक मुरडणारा रिव्ह्यूअर मला तरी अजून भेटला नाही. नाक मुरडतात ते "सर्टनली, हिअर इज अ पॉसिबल इंट्रोडक्शन" हे वाक्य प्रस्तावनेत तसंच राहिलेलं बघून. २०२४ मध्ये असा पेपर खरंच छापला गेला आणि मग मागे घ्यावा लागला. सगळ्या ऑथरनी, रिव्ह्यूअरनी, एडिटरनी पहिली ओळसुद्धा वाचली नव्हती का काय देव जाणे.

पण डिक्लेअर केलं म्हणजे सुटलो असंही नाही. फेब्रुवारी २०२४ चा तो उंदराच्या चित्राचा पेपर आठवतोय का, अवयव अचाट आणि लेबलं अगम्य? त्यात चित्रं मिडजर्नी या चित्रं काढणाऱ्या एआयने केलीत असं सरळ लिहिलेलं होतं. एका रिव्ह्यूअरने आकृत्यांवर शंकाही काढली होती, तरी छापला, आणि आठवड्याच्या आत मागे घेतला. आकृती चूक ती चूकच.

अधांतरी_पीएचडी
खूप आभार सगळ्यांचे. तुमचं वाचून को-ऑथरचा भाग काढून बसले. एकेक रेफरन्स उघडून बघतेय तर दोन सापडतच नाहीयेत कुठे. ऑथर खरे, जर्नल खरं, वर्षही पटण्यासारखं, पण त्या नावाचा पेपरच नाही. एकाचा डीओआय (पेपरचा ऑनलाइन ओळख क्रमांक) टाकला तर तो भलत्याच विषयावरच्या पेपरवर गेला. आणि अजून एक खरा आहे पण त्यात आपण लिहिलंय त्याच्या बरोब्बर उलटा निष्कर्ष आहे 😑 को-ऑथरला विचारलं तर म्हणतो तेवढे दोन काढून टाक, बाकी ठीक आहे.

दोन_नंबरचा_रिव्ह्यूअर
नाही, बाकी ठीक नाहीये. दोन खोटे आणि एक उलटा निघाला की उरलेल्यांवरचा भरवसाही गेला. २०२३ मध्ये एका अभ्यासात चॅटजीपीटीने दिलेले रेफरन्स तपासले होते, जीपीटी-३.५ चे ५५ टक्के आणि जीपीटी-४ चे १८ टक्के चक्क बनावट होते. नवीन मॉडेल सुधारली असतील, पण एकच बनावट रेफरन्सही पुरू शकतो पेपर मागे घ्यायला. शिवाय नुसता रेफरन्स काढून वाक्य ठेवलंस तर ते वाक्य कशाच्या आधारावर उभं राहणार? वाक्यासकट काढ, नाहीतर खरा आधार शोध. डीओआय उघडला म्हणून टिक मारू नकोस, शीर्षक जुळतं का बघ, मग आपण जे म्हणतोय ते त्या पेपरात खरंच आहे का ते बघ. नुसता अॅब्स्ट्रॅक्ट वाचून इथे भागत नाही, 'उलटा निष्कर्ष'वाली भानगड त्यातूनच होते.

काथ्याकूट
बरं, हे मात्र गंभीर आहे. गप सबमिट कर हे मागे घेतो, निदान तो भाग तरी. को-ऑथरला मेलवर विचार, तोंडी नको. म्हणजे पुढे "मला काय माहीत" म्हणायला जागा उरत नाही.

गॅली_प्रूफ
+१ मेलला. आणि सरांना सीसीत घे. पेपरवर नाव असलेला प्रत्येकजण त्यातल्या सगळ्याला बांधील असतो, आयसीएमजेईच्या ऑथरशिपच्या चार अटींपैकी चौथी हीच आहे, आणि सरांचंही नाव आहेच ना त्यावर? एकदा ते रेफरन्स बघितले की ४३ चं ते स्वतःच विसरतील बघ. चॅटजीपीटीत टाकण्याआधीचे तुझे मूळ इंग्रजी परिच्छेद असतील तर तारखेसकट एका फोल्डरमध्ये ठेव. एआय रिपोर्टवरून कुणी पुढे विचारलंच तर दाखवायला तेच लागतील.

अधांतरी_पीएचडी
आहेत, कच्चे ड्राफ्ट सगळे आहेत, चुकांसकट. मेल टाकला आत्ता, सर सीसीत. लिटरेचर रिव्ह्यू मी पहिल्यापासून लिहायला घेतेय, सबमिशन लांबलं तर लांबलं.