मदत हवी आहे: आईला नागिणीनंतर प्रीगाबॅलिन चालू, सोबत बीपीची गोळी आणि कॅल्शियम, चालतं का?

नमस्कार, मी सोलापूरचा, विडी घरकुलात राहतो, बी फार्म दुसरं वर्ष. आईला श्रावणात डाव्या बरगडीवर नागीण उठली, फोड वाळले पण आग काय जाईना, ब्लाउजची शिवण घासली तरी कळवळायची म्हणून त्या बाजूची शिवणच तिने उसवून ठेवलीय. मांडीवर सूप घेऊन दिवसाला हजार विड्या वळणारी बाई, आता तीनशेवर हात थांबतो. डॉक्टरांनी रात्री प्रीगाबॅलिन ७५ दिली आणि दहाबारा दिवसांत बराच उतार पडला. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन ५ आणि हाडांसाठी कॅल्शियम आधीपासून आहे.

आता झालंय असं की मी घरात बोललो ही गोळी नसेतल्या कॅल्शियम चॅनलवर, म्हणजे कॅल्शियम आत घेणाऱ्या दारांवर, काम करते, ते शेजारच्या काकूंनी ऐकलं आणि म्हणाल्या मग वरून कॅल्शियम खाऊन गोळीवर पाणी कशाला फिरवतेस, तेव्हापासून आईने कॅल्शियम सोडलंय आणि माझं ऐकत नाही.

मला कळलंय ते एवढंच की नसेच्या टोकाला सिग्नल आला की चॅनल उघडतात, कॅल्शियम आत शिरतं, मग रसायनाच्या बारीक पिशव्या पडद्याला चिकटून रिकाम्या होतात, ग्लुटामेट, सबस्टन्स पी बाहेर पडतं आणि दुखणं पुढे जातं. बाहेर कॅल्शियमच नसेल तर सिग्नल येऊनही काही सुटत नाही, कॅट्झ यांनी बेडकाच्या स्नायूवर दाखवलेलं, १९७० च्या नोबेलचे एक मानकरी. मग अ‍ॅम्लोडिपिन पण कॅल्शियम चॅनल बंद करते ना, तिने आग का नाही थांबली? आणि संध्याकाळी आईचे पाय सुजतात, घोट्यावर बोट दाबलं की खड्डा पडतो, हे कशानं? प्लीज कुणीतरी सांगा.

उत्तर: अरे, मी फार्माकॉलॉजी शिकवते. काकूंना सांग, रक्तातलं कॅल्शियम शरीर फार घट्ट सांभाळतं, एका गोळीने नसेच्या टोकाशी पूर येत नाही. अ‍ॅम्लोडिपिन पकडते ती एल टाइप चॅनल, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतली. नसेच्या टोकाला रसायन सोडायचं काम मुख्यतः एन आणि पी/क्यू टाइपचं. प्रीगाबॅलिन तर दाराला बूच मारतच नाही, चॅनलसोबतच्या अल्फा-२-डेल्टा भागाला चिकटते, त्यामुळे टोकापर्यंत पोचणारे चॅनलच कमी होतात, आणि नस दुखावली की हा भाग वाढलेला असतो म्हणून अशा आगीवर ती लागू पडते. नावात गाबा, म्हणजे नसांना शांत करणारं रसायन, दिसतं पण गाबाच्या रिसेप्टरवर ती काम करत नाही.

सूज मात्र दोन्ही गोळ्यांनी येते, डॉक्टरांना पाय दाखवच. क्रिएटिनिनचं, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचं, पण विचार, कारण प्रीगाबॅलिन जवळजवळ आहे तशीच किडनीतून बाहेर पडते. ती मनानं एकदम बंद करू नका, आणि रात्री उठताना आईला धरून उठव, चक्कर येते. सूज एकाच पायाला असेल, पोटरी दुखत असेल किंवा दम लागत असेल तर आजच जा.

धागाकर्ता: दोन्ही पायांना सारखीच आहे ताई, सकाळी उतरते, दम नाही लागत. उद्या नेतो, कॅल्शियमचं पण तिथंच तिच्यासमोर विचारतो म्हणजे ऐकेल.