मदत हवी आहे: कयाक समुद्रात घालण्याआधी लाटा कशा ओळखता?

मंडळी, माझा १२ फुटी सिट-ऑन-टॉप कयाक (वर बसून वल्हवायची छोटी होडी) आहे, आजवर खाडीतच जिताडा, तांबोशी या माशांच्या मागे फिरलो, आता गुहागरच्या किनाऱ्यावरून उघड्या समुद्रात जायला लागलोय. मागच्या रविवारी अ‍ॅपवर लाट १ मीटरच दाखवत होती म्हणून गेलो, जाताना काही त्रास नाही, पण परत येताना मागून मोठ्या तीन-चार लाटा लागोपाठ आल्या, कयाक आडवा झाला आणि मी खाली, रॉड गेला, गुडघा सोलपटला. लाइफ जॅकेट होतं म्हणून धीर राहिला.

घरी येऊन बघितलं तर पिरियड (लागोपाठच्या दोन लाटांमधला वेळ) १४ सेकंद होता. उंची तेवढीच असली तरी लांबून आलेली, जास्त पिरियडची लाट किनाऱ्याजवळ जास्त उभी राहते हे तेव्हा कळलं. तर तुम्ही किती मीटर, किती सेकंदांपर्यंत जाता? इन्कॉइसचा (सरकारी सागरी माहिती केंद्र) अंदाज बघता की विंडी हे हवामानाचं अ‍ॅप? आणि किनाऱ्यावर उभं राहून किती वेळ लाटा बघता, मी ५ मिनिटं बघितल्या, ते फार कमी पडलं.

आमच्या वाडीतले मच्छीमार काका म्हणतात उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती) जाऊ नको, भांगाला (अष्टमीच्या आसपासची छोटी भरती) जा आणि मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा सकाळचा वारा) आहे तोवर परत ये. वाऱ्याचं पटतं, ११ नंतर वारा फिरला की पाणी लगेच खवळतं. पण परत किनाऱ्याला नेमकं कधी लागायचं, भरतीला की ओहोटीला? भरतीला लाट अगदी काठावर आपटते, ओहोटीला लांबच फुटते. आणि खाडीच्या मुखातून यायचं तर ओहोटीचं पाणी लाटेला भिडून भिंतच उभी राहते.

पुढच्या वेळी धाकटा भाऊ पहिल्यांदाच सोबत येतोय, म्हणून प्लीज अनुभवातलं सांगा.