मदत हवी आहे: एकाच ड्रायव्हरसाठी आयटूसी आणि एसपीआयच्या अटी केकॉन्फिगमध्ये कशा लिहू?

नमस्कार मंडळी. मी महापे एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत आहे. आमच्या दाब मोजणाऱ्या सेन्सरसाठी लिनक्स ड्रायव्हर लिहिलाय. चिप आयटूसीवरही चालते आणि एसपीआयवरही (चिप प्रोसेसरला जोडायच्या या दोन पद्धती). दोन्हींचा कोड एकाच फाइलमध्ये.

केकॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलमध्ये कोणते भाग घ्यायचे हे ठरवणाऱ्या फाइलमध्ये, आधी मी नुसतं 'सिलेक्ट रेगमॅप_आयटूसी' लिहिलं, म्हणजे आयटूसीवरून चिपचे रजिस्टर वाचणारा कर्नलचा भाग आपोआप चालू व्हावा. सिलेक्ट समोरच्या पर्यायाच्या अटी पाहतच नाही, हे 'अनमेट डायरेक्ट डिपेन्डन्सीज' अशी वॉर्निंग आल्यावर कळलं. मग 'डिपेन्ड्स ऑन आयटूसी || एसपीआय' केलं, म्हणजे दोन्हींपैकी एक तरी चालू हवं. पण एसपीआय बूल आहे, म्हणजे वाय (कर्नलमध्येच) किंवा एन (बंद). आयटूसी मात्र एमसुद्धा (नंतर लोड होणारं वेगळं मॉड्यूल) असू शकतं. आयटूसी एम आणि एसपीआय वाय असलं की माझा ड्रायव्हर वाय होऊ शकतो, आणि मग लिंकिंगला 'अनडिफाइन्ड रेफरन्स' येतो. कर्नलमध्येच बसलेल्या कोडला मॉड्यूलमधलं फंक्शन कुठून सापडणार! काल ऐरोलीला घरी पोचेपर्यंत लोकलमध्ये हेच डोक्यात होतं.

आता 'डिपेन्ड्स ऑन आयटूसी || आयटूसी=एन' ही ओळ वाढवू, की ड्रायव्हरचा सामाईक गाभा, आयटूसी आणि एसपीआय असे तीन पर्याय वेगळे करू? मला दुसरं स्वच्छ वाटतं, पण गुरुवारी कोड द्यायचाय. मेनलाइनला (लिनक्सच्या मूळ अधिकृत कर्नलला) असा ड्रायव्हर पाठवलेल्या कुणी सांगाल का, रिव्ह्यूमध्ये पहिला मार्ग चालतो का?