अनुभव धागा: पैशाचा व्यवहार तुम्हाला गल्लीत कुणी शिकवला?

गंगावेशकर
परवा आमच्या कोल्हापुरात तालमीची पोरं गणपतीच्या वर्गणीला आली. पावतीपुस्तक नाही, गळ्यात क्यूआर कोड अडकवलेला. ५०१ पाठवले. "काका, स्क्रीनशॉट टाका ग्रुपवर" म्हणाली आणि निघाली. पावती मागितली तर एकमेकांची तोंडं बघाय लागली.

आमच्या वेळी तालमीचे खजिनदार आण्णा. शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. पुस्तकं वाटताना कितव्या नंबरपासून कितव्या नंबरपर्यंत, ते लिहून पोराची सही घेणार. चुकलेली पावतीसुद्धा फाडून टाकायची नाही, 'रद्द' लिहून पुस्तकातच ठेवायची. रक्कम अंकी आणि अक्षरी. रोज आरती झाली की मांडवातच हिशेब, तो जुळल्याशिवाय प्रसादाचा डबा उघडायचा नाही. विसर्जनानंतर आठवड्याच्या आत कोपऱ्यावरच्या फळ्यावर खडूनं जमाखर्च: मांडव, बँजो, लाईट, पेढे, शिल्लक. येणारी-जाणारी बायामाणसं उभी राहून वाचायची. कुणी शंका काढली की आण्णा चिडायचे नाहीत, वही पुढं करायचे.

तेच आण्णा दिवाळीच्या सुट्टीत आम्हा सहावी-सातवीतल्या पोरांना बँकेत न्यायचे. स्लिप भरायची, पासबुकावर शिल्लक वाचायची. चेकच्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारल्या की खिडकीवर रोख मिळत नाही, खात्यातच जमा होतात, हे मला कॉलेजच्या कितीतरी आधी तालमीत कळलं.

तर तुम्हाला कुणी शिकवलं? किंवा तुम्ही कुणाला शिकवताय? बँक, बाजार, गॅसची टाकी लावणं, काहीही चालेल. लिहा.

मीठभाकर
बँजो!! काय आठवण काढलीसा. आता डॉल्बीचं भाडं फळ्यावर लिहायचं म्हटलं तर फळा पुरायचा नाही.

आक्काची_लेक
आमच्यात आईची भिशी. राजारामपुरीतल्या बाराजणी, महिन्याला हजार. लिलाव भिशी. चिठ्ठीवाली नव्हे. म्हणजे जमले १२,०००. ज्या बाईला नड असेल ती म्हणणार "मी साडेदहा हजाराला उचलते". उरलेले १,५०० बाराजणींत वाटायचे, प्रत्येकीला १२५ सुटले. वही माझ्याकडं, कारण आईचं अक्षर तिलाच लागायचं नाही.

त्या वहीवरून मला कळलं की पैसे आधी हवे असतील तर किंमत मोजावी लागते आणि थांबलं तर ती आपल्याला मिळते. व्याजाचा धडा शाळेत आला तेव्हा बाईंनी सूत्र घातलं. मी म्हटलं हे तर भिशीतलंच. बाकी कुणाच्या घरी काय चाललंय तेही वहीतच दिसायचं. जूनमधली भिशी कायम शाळेच्या फीसाठी बोलून उचलली जायची.

हॉस्टेलची_डाळ
शेवटी घेणाऱ्या बाईला फायदा कसा?

आक्काची_लेक
शेवटच्या महिन्यात बोली लावायला कोण उरतच नाही, तिला पुरते १२,००० मिळतात. आणि आधीच्या दर महिन्याची सूट खाल्लेली असते ती वेगळीच. आमची आई कायम शेवटची. दोन मिनिटं हां, गॅसवर दूध आहे. अजून एक किस्सा आहे, रात्री लिहिते.

दुधाचा_कॅन
मी भुदरगडाकडची. सासूबाई शाळेत गेल्या नाहीत, पण घरात तीन खाती होती आणि तिन्ही डोक्यात. दहा दिवसाचं दूधबिल घरखर्चाला. ऊसबिल म्हणजे सोसायटीचं, कारण पीककर्ज आधीच वळतं होतंय, हातात येतंय ते फुटकळ. आणि दिवाळीला डेअरीचा फरक येतो तो त्यांचा स्वतःचा, त्याला सासऱ्यांनीपण हात लावायचा नाही. त्यातनं त्यांनी रेडी घेतली, मग म्हैस झाली, मग दोन.

आता मी बचत गटांना शिकवतो. पंचसूत्री सगळ्यांना पाठ असते: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. अडतंय कुठं, तर बायका हप्ता किती ते विचारतात, व्याज कसं लावलंय ते विचारत नाहीत. म्हणून मी एकच उदाहरण फळ्यावर घालतो. १ लाख कर्ज, १२ टक्के, ३ वर्षं. सरळ व्याज, म्हणजे तिन्ही वर्षं पुऱ्या लाखावर, लावलं तर ३६,००० आणि महिन्याचा हप्ता ३,७७८. घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायचं राहिलेल्या रकमेवरच, लावलं तर हप्ता ३,३२१ आणि व्याज साधारण १९,६००. दोन्ही कागदांवर १२ टक्केच छापलेलं असतंय! घरपोच कर्ज द्यायला मोटरसायकलवर येणाऱ्या पोराला आता आमच्या बायका पहिला प्रश्न हाच करतात, "सरळ का घटतं?" एकदा एक पोरगं "साहेबांना विचारून सांगतो" म्हणून गेलं ते आलंच नाही.

मुळामुठा_७
दादा, फार सोपं करून सांगितलंत. हे उदाहरण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकू का?

दुधाचा_कॅन
टाका की. फक्त दादा नको, ताई म्हणा 😄

मीठभाकर
पुण्याची माणसं कोल्हापूरच्या बायकांना कायम दादा म्हणतात.

उद्यमनगर_लेथ
वाचतोय सगळं. पण खरं बोलू का, पगारच तोकडा असंल तर मॅनेज काय करायचं? आमच्या वस्तीत मागं कोणतरी आलेले बचत शिकवायला. मोठ्या पडद्यावर दाखवलं, ५० टक्के गरजा, ३० टक्के हौस, २० टक्के बचत. खोलीभाडं, किराणा, पोरांची रिक्षा यातच नव्वद जातंय. हौस म्हणजे रविवारचं मटण, तेपण अर्धा किलो पाचजणांत. त्यांनी चहा-बिस्कीट दिली, फोटो काढले, गेले.

कामाचं शिकवलं ते शेजारच्या वायरमन दाजीनं. बिल जास्त आलं म्हणून भांडाय निघालेलो, म्हणाला आधी मीटर वाच. युनिट म्हणजे हजार वॅट एक तास. २००० वॅटचा गीझर अर्धा तास चालला, गेलं एक युनिट. ६० चा पिवळा बल्ब सोळा-सतरा तासांत युनिट खातो, ९ चा एलईडी शंभराच्या वर तास जातो. त्या दिवशी घरातले चार बल्ब बदलले. आता गल्लीतली पोरं दर रविवारी आपापल्या मीटरचा आकडा दारामागं लिहितात, कुणाचा कमी आला त्याची पैज.

मीठभाकर
रविवारचं मटण हौसेत धरणारा माणूस कोल्हापूरचा असूच शकत नाही. गरजेत धरा. बाकी शंभर टक्के पटलं.

गंगावेशकर
लेथभाऊ, दाजींचा तास आमच्याकडं पण ठेवा. आण्णा पण हेच म्हणायचे, आधी वही बघ मग भांड.

निवृत्त_कॅशियर
नमस्कार. रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांचा कट्टा आहे, तिथे मी हे सांगत असतो म्हणून इथेही लिहितो. ठेवीवर ५ लाखांपर्यंत विमा असतो, फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी १ लाख होता. तो बँकेला, सहकारी बँकेलाही. पतसंस्थेला नाही! पाटीवर 'सहकारी' दोन्हीकडे असतं, म्हणून लोक फसतात. पतसंस्था वाईट असं म्हणणं नाही, माझीही पिग्मी आहे, रोज पोरगा येतो, तेवढ्याच गप्पा होतात. पण निवृत्तीची अख्खी रक्कम अर्धा-एक टक्का जास्तीच्या व्याजासाठी एका ठिकाणी टाकू नये.

दुसरं, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे स्वीकारतो, वारसांचा हक्क तसाच राहतो. यावरून सख्खे भाऊ काउंटरवर भांडताना पाहिले आहेत. तिसरं, मोबाईलवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. "पिन टाका, मग पैसे येतील" म्हणाला की फोन ठेवा. गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, संध्याकाळपर्यंत थांबू नका.

पंचगंगेचं_पाणी
आमच्या गल्लीला पुरानं शिकवलं. २०१९ चा ऑगस्ट. हायवे बंद, लाईट नाही, आमच्या भागातली एटीएम बंद, पेट्रोलला रांगा. खात्यात पैसे असून दूध आणता येईना. शेजारच्या काकी डब्यात सुटे ठेवायच्या म्हणून आम्ही त्यांना हसायचो, त्या डब्यावर चार घरं चालली.

आता दर जूनमध्ये आमच्या मंडळाची पोरं घरोघरी जाऊन सांगतात. दोन प्लास्टिकच्या पिशव्या, एकात एक. पासबुकं, विम्याचे कागद, गाडीचं आरसी, दाखले, आणि आठवडाभराची रोख, तीही सुट्या पैशांत. सातबारा भिजला तर रडायचं नाही, तो पुन्हा ऑनलाईन निघतो. पण मूळ मार्कशीटसाठी किती खेटे घालावे लागतात ते मला विचारा. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ धोका. आमच्यात ३९ लाच पिशवी माळ्यावर जाते. टीव्ही, फ्रीज नंतर.

आक्काची_लेक
काकींचा डबा 🙏 आमच्या आईचा तांदळात असायचा.

गुजरीतली
सोन्याच्या दुकानात बसून मोठी झाले. भिशी फुटली की बायका थेट आमच्याकडं. बाबा मला काउंटरवर उभं करायचे आणि गिऱ्हाइकासमोरच विचारायचे, "सांग, यात सोनं किती, मजुरी किती?" दोन्ही वेगळं लिहून घ्या, एवढंच सगळ्यांना सांगते. मोडताना मजुरी परत येत नाही. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो, तो बीआयएसच्या (हॉलमार्कचं बघणारी सरकारी संस्था) अॅपवर टाकून बघता येतो. शेजारणींच्या मोबाईलवर ते अॅप टाकून देणं हे माझं समाजकार्य.

दुधाचा_कॅन
आईची जुनी ठुशी मोडून साज करायचाय, घट किती धरतात?

गुजरीतली
न बघता सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, ताई. समोर टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढून घ्या, दोन ठिकाणी विचारा. पण ठुशी मोडू नका हो, पॉलिश करून घाला.

मुळामुठा_७
ठुशीचा फोटो टाका ना.

हॉस्टेलची_डाळ
मी शिकलो मेसच्या मावशींकडून. आम्ही चौघं खोली करून राहायला निघालो तर त्यांनी परीक्षा घेतली. टाकीच्या कड्याच्या आत इंग्रजी अक्षर आणि वर्ष असतं ते वाच म्हणाल्या. ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. ती टाकीच्या चाचणीची मुदत. उलटून गेली असेल तर घ्यायचीच नाही. वर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो गॅस मिळवायचा आणि काट्यावर तेवढं भरतंय का बघायचं. साबणाच्या फेसानं गळती बघायची, काडी पेटवून नाही. मग वरण शिकवलं. वरण अजून त्यांच्यासारखं होत नाही.

उद्यमनगर_लेथ
काटा आणायचा कुठनं? घरातला पाच किलोचा आहे.

हॉस्टेलची_डाळ
टाकी आणणाऱ्याकडंच असतो, मागितला की काढतो. नाही म्हणाला तर टाकी उतरवून घ्यायची नाही, मावशींचा नियम.

मीठभाकर
मावशी मेस अजून चालवतात काय? पत्ता द्या भावा.