चेतापेशींच्या मधे फट असते, मग करंट पुढं जातो कसा? (लेकीनं विकेट काढली)

बागायतदार_तासगाव
नमस्कार मंडळी. पोरगी नववीत आहे, काल जेवताना मला म्हणाली, पप्पा, चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मधे फट असते, आणि निरोप तर विजेसारखा जातो म्हणतात, मग तुटलेल्या वायरमधनं करंट जाईल का? मी आपला बी.ए. झालेला माणूस, द्राक्षाची छाटणी विचारा सांगतो, हे कुठनं सांगू? वृक्षिका, अक्षतंतू ही नावं तिची पाठ आहेत, पण नावं पाठ असून कळलेलं काहीच नाही असं तीच म्हणते. कुणीतरी सोप्या भाषेत सांगा की.

वायरमन_कराड
सोप्पंय. मेंदू म्हणजे मेन स्विच, नसा म्हणजे वायरी, वरचं कव्हर म्हणजे इन्सुलेशन. फट असली तरी लहान असणार, स्पार्क उडून जात असंल.

निवृत्त_मास्तर_सातारा
वायरमनदादा, राग मानू नका, पण दोन्ही चूक. आधी वायरीचं बघू. तांब्याच्या तारेत करंट तारेच्या लांबीनं धावतो. अक्षतंतूत, म्हणजे चेतापेशीच्या ज्या लांब शेपटीतनं निरोप जातो तिच्यात, तसं होत नाही. पेशी निवांत असते तेव्हा आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टनं ऋण असते, म्हणजे चार्ज करून ठेवलेली बॅटरीच समजा. निरोप आला की पडद्यातली बारीक दारं उघडतात, बाहेरचा सोडियम आत घुसतो, तेवढ्या जागेचा चार्ज उलटा होतो, आणि त्यामुळं शेजारची दारं उघडतात, मग त्याच्या शेजारची. उसाचं पाचट एका टोकाला पेटवल्यावर जाळ कसा पुढं पुढं सरकतो, पाचट जागेवरच असतं, तसं. फरक इतकाच की पाचटाची राख होते आणि इथं पोटॅशियम बाहेर पडून एक-दोन मिलिसेकंदात ती जागा परत पेटायला तयार होते.

वरचं कव्हर, म्हणजे मायलिन, सलग नसतं, थोड्या थोड्या अंतरावर उघडी जागा असते आणि निरोप त्या जागांवरनं उड्या मारत जातो. विनाथांबा एसटी आणि गावोगाव थांबणारा लाल डबा यातला फरक. मायलिनवाल्या जाड तंतूत वेग सेकंदाला १०० मीटरच्या वर जातो, बिनमायलिनच्या बारीक तंतूत जेमतेम १ मीटर. उंबऱ्याला करंगळी ठेचली की आधी झटकन कळ येते आणि मग क्षणभरानं ती ठणकणारी, जीव घेणारी कळ येते ना? पहिली मायलिनवाल्या तंतूनं येते, दुसरी लाल डब्यानं.

आता फट. तुमच्या लेकीला सांगा की या प्रश्नावर मोठमोठे लोक भांडलेत. १९०६ चं नोबेल गोल्जी आणि काहाल या दोन शास्त्रज्ञांना मिळून दिलं. गोल्जी म्हणायचे सगळं एकसंध जाळं आहे, काहाल म्हणायचे प्रत्येक पेशी सुटी आहे, आणि गोल्जींनी नोबेलच्या भाषणातसुद्धा आपलाच हेका चालवला! काहाल बरोबर निघाले. फट साधारण २० नॅनोमीटरची, केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाएवढी, आणि ती ठिणगीनं ओलांडली जात नाही, रसायनानं ओलांडली जाते. निरोप टोकाला पोचला की कॅल्शियम आत येतो, रसायन भरलेल्या बारीक पिशव्या फुटतात, रसायन पलीकडं जाऊन बसतं आणि तिकडं नवा निरोप सुरू होतो.

हे १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवलं. एका हृदयाची नस उत्तेजित केली, ते मंदावलं, आणि त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयाला दिलं तर तेही मंदावलं. दुसऱ्याला नस जोडलेली नव्हती, म्हणजे जे काय होतं ते पाण्यातनं आलं. हा प्रयोग म्हणे त्यांना झोपेत सुचला, उठून कागदावर खरडलं आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना, दुसऱ्या रात्री परत सुचला तेव्हा सरळ लॅब गाठली.

सिस्टर_मिरज
मास्तरांनी छान सांगितलं, पण ही फट खरी बघायची असंल तर पावसाळ्यात आमच्या वॉर्डात या. नसेचं टोक आणि स्नायू यांच्या मधे पण अशीच फट असते आणि तिथलं रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. नागाचं विष पलीकडं, स्नायूवर या रसायनाच्या बसायच्या ज्या खुर्च्या असतात, त्यांवर जाऊन बसतं, निरोप येतो पण त्याला बसायला जागा नाही. मण्यारीचं विष अलीकडचं टोकच बिघडवतं, निरोप सुटतच नाही. म्हणून नाग चावलेल्याला एएसव्हीबरोबर (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) निओस्टिग्मिनचा, म्हणजे ॲसिटिलकोलिन जास्त वेळ टिकवणाऱ्या औषधाचा, उपयोग होऊ शकतो, मण्यारीला सहसा होत नाही, नसेचं टोक परत तयार होईपर्यंत कधीकधी कित्येक दिवस व्हेंटिलेटर लागतो. आणि पेशंटला बऱ्याचदा सगळं ऐकू येत असतं हो, फक्त पापणी उचलता येत नाही. नातेवाईक बाजूला उभं राहून काय काय बोलतात, आम्ही गप्प करतो.

आणि दादा, तुमची द्राक्षबाग आहे म्हणून सांगते, काही फवारणीची औषधं, ऑर्गॅनोफॉस्फेट वाली, बरोबर याच्या उलट करतात. काम झालेलं ॲसिटिलकोलिन साफ करणारं एन्झाइम बंद पाडतात, मग निरोप थांबतच नाही. लाळ, घाम, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, अंग फडफडतं.

वायरमन_कराड
म्हंजे वायर नाही, रिले आहे. एका बाजूला करंट, मधे दुसरंच काहीतरी, परत पुढं करंट. असं आधी सांगायचं ना ओ मास्तर.

निवृत्त_मास्तर_सातारा
रिले चालंल! पण रिलेला एकच सिग्नल येतो, इथं एका पेशीवर हजारो येतात, काही 'पेटव' म्हणणारे, काही 'थांब' म्हणणारे, आणि सगळ्यांची बेरीज होऊन मग ठरतं. आणि हो, थोड्या ठिकाणी पेशी थेट जोडलेल्याही असतात, तिथं रसायन न लागता वीजच पलीकडं जाते, म्हणजे गोल्जी अगदीच हवेत नव्हते.

बागायतदार_तासगाव
लय भारी, सगळ्यांचे आभार. लेकीला वाचून दाखवलं, पाचटाचं उदाहरण पटलं. सिस्टरचा रिप्लाय मात्र तिनं स्वतःच मोठ्यानं आबांना वाचून दाखवला. आबा म्हणाले, तीस वर्षं मारतोय, मला काय झालं? आज सकाळी पंपाला हात लावायला गेले तर हातमोजे आणि मास्क पंपाच्या हँडललाच बांधून ठेवलेले, गाठ अशी मारली होती की सोडायला दहा मिनिटं गेली.