होमर वाचायला घ्यायचाय: आधी इलियड की ओडिसी? आणि भाषांतर कुठलं?

मोरपंखी_शाई

मंडळी, सल्ला हवाय. महाभारत-रामायण लहानपणापासून ऐकत-वाचत आले, पण ग्रीकांकडे कधी वळणं झालं नाही. झ्यूस, अथीना, हर्क्युलिस ही नावं सिनेमांतून आणि लेकीच्या पुस्तकांतून कानावर पडली, तेवढीच. आता जरा मोकळीक आहे तर होमर या ग्रीक कवीची ही दोन महाकाव्यं नीट वाचावीत म्हणते.

शंका अशा: आधी इलियड की ओडिसी? इंग्रजी भाषांतरं ढिगानं आहेत, त्यातलं कुठलं? (जुनं, बोजड इंग्रजी झेपत नाही.) त्याआधी देवदेवतांची वंशावळ पाठ करावी लागते का? आणि मराठीत काही आहे का?

मध्यंतरी फुकट मिळतंय म्हणून एक इलियड फोनवर उतरवून घेतलं होतं. गद्य होतं, जोव्ह आणि मिनर्व्हा असे देव होते, झ्यूस कुठेच दिसेना. दुसऱ्या सर्गात जहाजांची यादी सुरू झाली ती संपेचना. तिथेच सोडलं.

पारावरचा_पक्षी

ते बहुतेक सॅम्युअल बटलरचं 1898 चं भाषांतर असणार. त्याने ग्रीक देवांना रोमन नावं दिली आहेत. जोव्ह म्हणजेच झ्यूस, मिनर्व्हा म्हणजे अथीना, आणि ओडिसीत भेटेल तो युलिसिस म्हणजे ओडिसियस. गद्य वाईट नाही, पण पहिल्या वाचनाला नको.

यादीचं म्हणाल तर बिनधास्त गाळा. 29 तुकड्या, 1186 जहाजं, कोण कुठल्या गावचा, कुणाचा मुलगा. ऐकणाऱ्या ग्रीकाला त्यात आपल्या मुलखाचं नाव कधी येतंय याची उत्सुकता असायची, तुम्हा-आम्हाला ती कुठून असणार? सरळ तिसऱ्या सर्गावर जा.

माझं मत: आधी इलियड. फक्त एक अपेक्षा आधीच काढून टाका. ही ट्रॉयच्या युद्धाची साद्यंत कथा नाही. लाकडी घोडा यात नाही. ग्रीकांचा सर्वांत मोठा वीर अकिलीस याची टाचही (त्याच्या अंगावरची एकच कच्ची जागा) नाही, त्याचा मृत्यूसुद्धा नाही. युद्धाचं दहावं वर्ष चालू आहे, सेनापती ॲगमेम्नॉन अकिलीसच्या वाट्याला आलेली बंदिवान स्त्री ब्रायसीस हिसकावून घेतो, अकिलीस रुसून तंबूत बसतो, आणि त्या एका रागापायी किती माणसं मरतात त्याची ही कथा. सगळा मामला काही आठवड्यांचा. शेवट ट्रॉयचा वीर हेक्टर याच्या अंत्यसंस्काराने, म्हणजे शत्रूच्या घरात.

24 सर्ग, साडेपंधरा हजारांच्या वर ओळी आहेत. एकदम अंगावर घेऊ नका. पहिल्या फेरीत 1, 3, 6, 9, 16, 18, 22, 24 एवढेच सर्ग वाचा. मधल्या लढाया नंतर. त्या फार आहेत, आणि कुणाचा भाला कुणाच्या कुठल्या हाडात घुसला याची बारकाईने नोंद आहे. एका बैठकीत फार वाचलं तर बधिर व्हायला होतं.

भाषांतर: रॉबर्ट फॅगल्स, 1990. ओघवतं आहे, मोठ्याने वाचायला छान. बर्नार्ड नॉक्सची प्रस्तावना उत्तम आहे, पण मागाहून वाचा.

झणझणीत_रस्सा

पक्षीबुवांशी असहमत! सुरुवात ओडिसीने करा. इलियड थोर आहे, कोण नाही म्हणतंय? पण नवख्या माणसाला सोळा-सोळा सर्ग रणांगणावर बसवायचं म्हणजे छळ आहे. ओडिसीत समुद्र आहे, बेटं आहेत, एकडोळ्या पॉलिफीमस आहे, घरी वाट बघणारी आणि सासऱ्यासाठी विणलेलं वस्त्र रोज रात्री उसवणारी पेनेलोपी आहे. शिवाय लांबीला इलियडपेक्षा कमी, सुमारे बारा हजार ओळी.

एक सूचना मात्र. नायक पाचव्या सर्गापर्यंत रंगमंचावर येत नाही. पहिले चार सर्ग त्याच्या मुलाचे, टेलेमॅकसचे. आणि प्रसिद्ध साहसं 9 ते 12 या सर्गांत तो स्वतःच परक्या राजाच्या दरबारात जेवणानंतर सांगतो. म्हणजे राक्षस, चेटकीण सर्सी, गाण्याने भुलवणाऱ्या सायरन यांच्याबद्दल आपल्याकडे साक्ष आहे ती फक्त त्याची. आणि गडी पुढे किमान पाच वेळा तरी खोटी कहाणी सांगून लोकांना गुंडाळतो. किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा.

भाषांतर एमिली विल्सनचं घ्या, 2017 चं. मूळ काव्यात जितक्या ओळी तितक्याच तिच्या. साधं, आजचं इंग्रजी, शब्दकोश लागत नाही. घरातल्या गुलाम बायकांना ती स्पष्ट गुलाम म्हणते, नोकराणी म्हणून सौम्य करत नाही. बाविसाव्या सर्गात त्यांतल्या बारा जणींना फासावर चढवतात, तिथे पोचलात की फरक किती मोठा आहे ते जाणवेल.

पारावरचा_पक्षी

रस्सासाहेब, ओडिसी वाचताना अकिलीस पाताळात भेटतो, ॲगमेम्नॉन भेटतो, आणि त्यांच्या बोलण्याला धार येते ती इलियड माहीत असेल तरच. अकिलीस तिथे म्हणतो की मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या गरीब शेतकऱ्याकडे मजुरी करत जिवंत राहीन. ज्याने कीर्तीसाठी अल्पायुष्य पत्करलं त्याच्या तोंडी हे! आधी तो निर्णय घेताना त्याला पाहिलेलंच नसेल तर काय मजा?

सातवा_घाट

दोघांचं भांडण चालू द्या, मी देवांबद्दल बोलते.

ताई, वंशावळ पाठ करू नका. ग्रीक पुराणकथांचा एक अधिकृत ग्रंथ असा नाहीच. प्रत्येक कवी आपल्या सोयीने सांगतो. टाचेचंच बघा: बाळ अकिलीसला स्टिक्स नदीत बुडवल्याची गोष्ट आपल्याला पहिल्यांदा मिळते ती स्टेशियस या रोमन कवीकडे, इ.स. पहिल्या शतकात. होमरच्या कितीतरी शतकांनंतर. लाकडी घोड्याचा उल्लेख ओडिसीत आहे, पण घोडा, त्याबद्दल सावध करणारा पुजारी लाओकून, जळणारं शहर हे सगळं सविस्तर हवं तर व्हर्जिलच्या ईनिडचा दुसरा सर्ग गाठावा लागतो, तोही लॅटिनमध्ये. संकलनांत हे सगळं एकाच पातेल्यात शिजवलेलं असतं, म्हणून ती आधी वाचली की होमरमध्ये ‘हे कुठे गेलं, ते कुठे गेलं’ असं होत राहतं.

पाया हवाच असेल तर हेसिअड या जुन्या ग्रीक कवीची थिऑगनी वाचा. हजारेक ओळी, एका संध्याकाळी होते. युरेनसला क्रोनस छाटतो, क्रोनस स्वतःची पोरं गिळतो, झ्यूस क्रोनसला हटवतो. तीन पिढ्यांचा सत्तापालट. लेकीसाठी स्टीफन फ्रायचं मिथॉस आणा (2017), गमतीदार आहे. पण आईने होमरकडेच जावं!

आणि मराठीचं: सोफोक्लीजचा ईडिपस पु.लं.नी ‘राजा ओयदिपौस’ म्हणून आणलाय. विंदा करंदीकरांचं ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ आहे, त्यात होमरच्या रचनेचं कौतुक कशासाठी केलंय ते मराठीत वाचायला मिळेल: पूर्ण युद्ध न सांगता एकच भाग उचलला म्हणून. ही दोन्ही वाचनालयात मिळावीत.

तळटीप_तात्या

कुणीतरी ‘हे खरंच घडलं का’ विचारणारच, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

जागा खरी आहे. तुर्कस्तानात, दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीजवळ, हिसार्लिक नावाची टेकडी. फ्रँक कॅल्व्हर्टला जागेचा अंदाज होता, तिथे त्याने थोडं खणलंही होतं. 1870 च्या दशकात हाइनरिख श्लीमानने पैसा ओतून मोठं उत्खनन केलं आणि नाव कमावलं. घाईत त्याने टेकडीच्या मधोमध रुंद चर मारला आणि वरचे थर खरवडून फेकले. त्याला जे प्रायमचं (हेक्टरचा बाप, ट्रॉयचा राजा) ट्रॉय वाटलं ते प्रत्यक्षात हजारेक वर्षं जुनं निघालं. वरचे जे थर त्याने उडवले, त्यांतच होमरच्या युद्धाशी जुळू शकेल असा काळ होता. इ.स.पू. 1180 च्या आसपास तिथलं एक नगर उद्ध्वस्त झालं, एवढं पुरातत्त्व सांगतं. जिच्यापायी युद्ध झालं म्हणतात त्या हेलनबद्दल ते काही सांगत नाही.

काव्याला आज आहे ते रूप आलं साधारण इ.स.पू. आठव्या शतकात. मधली चारशे वर्षं ते तोंडी फिरलं. त्याचा पुरावा दहाव्या सर्गात आहे: ओडिसियसला रानडुकराच्या सुळ्यांच्या चकत्या शिवलेलं शिरस्त्राण देतात. होमरच्या काळात असलं काही कुणी घालत नव्हतं. पण मायसीनी काळच्या (होमरच्या कितीतरी आधीच्या ग्रीसमधल्या) थडग्यांत तसे सुळे सापडलेत, हस्तिदंती शिल्पांतही तसली शिरस्त्राणं कोरलेली आहेत. वस्तू गेली, ओळी राहिल्या.

तोंडी एवढं कसं टिकतं, याचं उत्तर मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने 1933 ते 1935 दरम्यान युगोस्लाव्हियात शोधलं. गुस्ले हे एकतारी वाद्य वाजवून वीरगाथा गाणारे गायक त्याने ध्वनिमुद्रित केले. अव्दो मेद्येदोविच नावाच्या गायकाला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याने सांगितलेली एक गाथा बारा हजारांहून अधिक ओळींची भरली. पाठांतर नव्हे, साच्यातली ठरलेली पदं जुळवत जागच्या जागी रचना. म्हणून तर अकिलीस तंबूत बसलेला असला तरी ‘चपळ पायांचा’च असतो.

आता आपल्याकडचं. पहिल्या-दुसऱ्या शतकातला ग्रीक वक्ता डायो क्रिसोस्टम लिहितो की भारतीय लोक होमर आपल्या भाषेत गातात, प्रायमची दुःखं, हेक्टरची बायको अँड्रोमकी हिचा विलाप, सगळं. त्याच्या कानावर महाभारताची कुणकुण गेली असावी असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

रंकाळा_वारा

तात्या, आमच्या कोल्हापूरला विसरलात! ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940 च्या दशकात उत्खनन झालं, त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची छोटी मूर्ती मिळाली. ओडिसियसला दहा वर्षं समुद्रात फिरवणारा तोच हा देव. सातवाहन काळातल्या रोमन व्यापाराबरोबर इथवर आला. टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. वीतभरच आहे, काचेपाशी थांबून बघा. एक हात उंचावून उभा राहिलेला, हातातला त्रिशूळ गेलाय, पण ऐट शाबूत.

मोरपंखी_शाई

अरे बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. कोल्हापूरला माहेर आहे आणि टाउन हॉलच्या बागेत कितीदा भेळ खाल्लीये, आत कधी गेले नाही!

पक्षीदादांच्या यादीतला सहावा सर्ग काल ग्रंथालयात उभ्या-उभ्या वाचला. हेक्टर बाळाला घ्यायला हात पुढे करतो, बाळ बापाच्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा बघून दाईच्या कुशीत शिरतं, आईबाप हसतात, तो शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मग त्याला घेतो. मला हे अपेक्षितच नव्हतं. शत्रूपक्षाबद्दल असं लिहितात? आता इलियडच आधी. पण फॅगल्स की आणखी कुठलं?

पारावरचा_पक्षी

😊 रस्सासाहेब, ऐकताय ना?

ताई, सहावा आवडलाय तर बाविसावा सांभाळून. अँड्रोमकी घरात विणत बसलीये, हेक्टर दमून येईल म्हणून दासींना मोठ्या हंड्यात आंघोळीचं पाणी तापवायला सांगते. तो केव्हाच मेलाय, आणि वाचकाला ते ठाऊक आहे. कवी त्यावर जेमतेम दोन ओळी खर्च करतो.

चोविसाव्यात म्हातारा प्रायम रात्री शत्रूच्या तंबूत येऊन मुलाला मारणाऱ्याचे हात चुंबतो, ते सगळे सांगतात. त्यापुढचं लक्ष देऊन वाचा. अकिलीस प्रेत धुवायला सांगतो ते प्रायमच्या नजरेआड. कारण मुलाला बघून म्हातारा भडकला तर आपलाही तोल जाईल आणि आपण त्याला मारून टाकू, ही त्याला भीती. पहिल्या सर्गापासून ज्या रागाची कथा चालली त्या रागाचा मालक पहिल्यांदाच स्वतःच्या रागाची काळजी घेतोय. मग दोघं जेवतात.

फॅगल्स की लॅटिमोर असा प्रश्न असेल तर: लॅटिमोर (1951) ओळीला ओळ जवळ ठेवतो, वाक्यं लांब, थोडा कष्टाचा. दुसऱ्या वाचनाला घ्या. विल्सनचं इलियडही 2023 मध्ये आलंय, वेगवान आहे. पद्याचंच वावडं असेल तर ई. व्ही. र्‍यूचं पेंग्विनमधलं गद्य, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत स्वस्तात मिळतं.

झणझणीत_रस्सा

ऐकतोय. हरलो नाही, माघार घेतलीये, ओडिसियससारखी.

एक भर घालतो: ऐका. हे काव्य ऐकण्यासाठीच रचलेलं आहे. माझं निम्मं ओडिसी लोकलच्या गर्दीत झालं. फॅगल्सचं ओडिसी इयन मॅकेलनने वाचलंय, विल्सनचं क्लेअर डेन्सने. पुस्तक हातात आणि आवाज कानात असं चाललं तर नावांचे उच्चारही सुटतात.

सातवा_घाट

आणि विकत घेण्याआधी ऑनलाइन नमुना पानं बघणार असाल तर लक्षात ठेवा, फॅगल्सची प्रस्तावना लांबलचक आहे, नमुन्यात बहुधा तीच येते आणि भाषांतराची ओळ दिसतच नाही. ग्रंथालयातलीच प्रत पुन्हा काढा आणि पहिल्या सर्गातलं अकिलीस-ॲगमेम्नॉनचं भांडण मोठ्याने वाचून बघा. ते जिभेवर बसलं तर तीच आवृत्ती घ्या.

दोन्ही काव्यं झाली की एस्किलसचं ओरेस्टिया. इ.स.पू. 458 ची नाट्यत्रयी. ॲगमेम्नॉन जिंकून घरी येतो आणि बायको त्याला न्हाणीघरात मारते. मोहिमेला वारा मिळावा म्हणून त्याने पोटची मुलगी बळी दिलेली असते, हे ती दहा वर्षं विसरलेली नसते. मुलीच्या बळीचं प्रकरण होमर सांगतच नाही.

मोरपंखी_शाई

ठरलं. फॅगल्स ग्रंथालयातून, विल्सनचं ओडिसी लेकीच्या वाढदिवसाला. तात्या, नकाशा असलेली आवृत्ती कुठली ते सांगाल का? अकिलीसचं फथिया आणि ओडिसियसची इथाका यांचा पत्ताच लागत नाहीये.

तळटीप_तात्या

फॅगल्समध्ये आहेत नकाशे, आणि मागे नावांची सूचीही. फथिया मध्य ग्रीसच्या पूर्व बाजूला, थेसलीत. इथाका पश्चिमेच्या समुद्रात. होमरची इथाका म्हणजे आजचं इथाकी बेटच का, यावर अजून वाद चालू आहे, तो दुसऱ्या धाग्यात काढू.