कोनदार, टोकदार की चौकोनी?

प्रश्न : एका रोमन फाँटचं मराठीत वर्णन करायचं आहे. अक्षरं जाडजूड, गोलाई कुठेच नाही, कोपरे तिरके छाटलेले. मोठ्या मथळ्यांसाठीच केलेला फाँट. मी लिहिलं, ‘ठळक, टोकदार, औद्योगिक आणि भविष्यवादी प्रदर्शन टंक’. वाचताना माझं मलाच खटकतंय.

उत्तर : ‘टोकदार’ आधी काढा. टोकदार म्हणजे टोचेल असं. काटकोनी कोपरा ४५ अंशांत छाटला की टोक जातं आणि ९० अंशांच्या एका कोनाचे १३५ अंशांचे दोन कोन होतात. टोक बोथटलं, कोन मात्र वाढले. म्हणून ‘कोनदार’च. ‘चौकोनी’ही चालणार नाही. इटालियन अक्षररचनाकार आल्दो नोवारेझे यांचा १९६२चा युरोस्टाइल हा फाँट चौकोनी आहे, पण त्याचे कोपरे गोलावलेले आहेत. उलट डच अक्षररचनाकार विम क्राउवेल यांची १९६७ची ‘नवी वर्णमाला’ (न्यू अल्फाबेट) या नावाची अक्षरं बघा : आडव्या-उभ्या रेषा आणि छाटलेले कोपरे. ती कोनदार आहेत, पण अंगाने सडसडीत.

त्यावरून ‘ठळक’कडे येतो. शेजारच्या मजकुरातून उठून दिसतं ते ठळक. तो शब्द तुलनेचा आहे. सगळीच अक्षरं जाड असतील तर कोण कुणापेक्षा ठळक? इथे सरळ ‘जाड’ लिहा, किंवा ‘भरदार’.

‘प्रदर्शन’ चित्रांचं भरतं. घराची दर्शनी बाजू म्हणतो ना आपण, तसा हा ‘दर्शनी टंक’. मला हा शब्द फार आवडतो, कारण लांबून दिसणं हेच या अक्षरांचं काम आहे. ‘औद्योगिक’ धोरणाला आणि वसाहतीला शोभतो, अक्षराच्या रूपाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. ‘भविष्यवादी’ म्हटलं की कलेच्या वाचकाला १९०९मध्ये इटलीत सुरू झालेली याच नावाची कलाचळवळ आठवेल, आणि ‘भविष्यवेधी’ नजर असते, अक्षर नव्हे. इथे विशेषणाचा हट्ट सोडून चित्र द्या : ‘पोलादी पत्र्यातून कापून काढल्यासारखी, उद्याच्या यंत्रांवर शोभतील अशी अक्षरं’.

‘टंक’ मात्र ठेवाच. संस्कृतात टंक म्हणजे पाथरवटाची छिन्नी. आपली टाकी तीच. छिन्नीने कापल्यासारख्या अक्षरांना याहून नेमका शब्द कुठे मिळणार?

प्रश्न : पटलं. हाच ‘कोनदार’ देवनागरीला लावता येईल? आपल्या अक्षरांत गोलाई किती!

उत्तर : लावता येईल, पण जपून. रोमनमध्ये चारही कोपरे सारखे छाटले तर ‘डी’ आणि ‘ओ’ ओळखू येत नाहीत, म्हणून ‘डी’चे डावे कोपरे अखंड ठेवतात. आपल्याकडे ती जोखीम ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यात आहे. ‘भ’च्या माथ्यावरचा मुरका सरळ करून शिरोरेषेला भिडवला की झाला ‘म’. ‘भात’ लिहायला जावं आणि ‘मात’ वाचलं जावं. मुरक्याचा कोन खुशाल करा, पण तिथली शिरोरेषा तुटलेलीच राहू द्या. जाडी वाढवताना ती फट पहिली बुजते.